‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांआड

घाटातल्या अपघाताची बातमी आपल्याकडे बहुधा एका ठरावीक वाक्याने सुरू होते : ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ या वाक्यात कोणीही माणूस काही करीत नाही. वीज जावी, पाऊस पडावा, तसा ब्रेक आपोआप फेल होतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका कंटेनर ट्रकमुळे अनेक वाहनांचे नुकसान झाले, तेव्हाही पहिली बातमी ब्रेक फेलचीच होती. पुढे पोलिसांनी सांगितले की, चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब भरून काढण्याचे काम इंजिनाचे असते, एवढे ठाऊक असले की दैवाला दोष देण्याचे कारण उरत नाही.

आपल्या घरच्या मोटारीत हवेऐवजी द्रव असतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावर चालणारे चार चाकांचे ब्रेक १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग मोटारीला बसले आणि तत्त्व आजही तेच आहे. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला द्रव नळ्यांमधून चाकापर्यंत दाब नेतो. या द्रवाला आपण सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. नावाने घोटाळा केला आहे. ते तेल नव्हेच. नेहमीच्या गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल वर्गातला असतो आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव. त्याच्या जागी कोणी खरोखरीचे तेल ओतले, तर आतली रबरी सीले फुगून निकामी होतात.

हा विषय चऱ्होलीत निघावा, याला कारण आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले हे इंद्रायणीकाठचे गाव आज उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. एका हाताला भोसरी, दुसऱ्या हाताला मोशीवरून चाकण. या पट्ट्यात मोटारी बनतात, त्यांचे ब्रेकही बनतात. आणि ते जोडणारी, तपासणारी माणसे संध्याकाळी याच इमारतींत परततात. तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्यांच्या मोटारी आठवडाभर झाकून उभ्या असतात. गाडी फार चालत नाही, मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचे, असा हिशेब इथे सुशिक्षित माणूसही मांडतो. इंजिनाच्या तेलाचा हिशेब किलोमीटरवर बऱ्याच अंशी चालतो. हा द्रव मात्र उभ्या गाडीतही ओलावा ओढत राहतो. रबरी नळ्यांतून ओढतो, टाकीच्या झाकणातल्या श्वासछिद्रातून ओढतो. पावसाळ्याचे चार महिने तर त्याला पर्वणीच. बहुतेक उत्पादक दोन, काही तीन वर्षांनी तो बदलण्यास सांगतात, ते यासाठीच.

ओलावा गेला तर बिघडले काय? डॉट-४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की १५५ अंश राखला तरी तो प्रमाणात बसतो. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. आता बाराशे किलोची मोटार तीनशे मीटर खाली उतरते, असे धरा. सगळा भार ब्रेकवर टाकला तर जी उष्णता तयार होते, तिच्यावर दहा-अकरा लिटर पाणी उकळेल. चऱ्होलीकर दिवाळीला गावी निघतो तो दिवे घाट, खंबाटकी, वरंधा यांपैकी काहीतरी ओलांडूनच. गाडीत पाच माणसे, टपावर सामान, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय सतत पेडलवर. कॅलिपरमधला द्रव उकळला की वाफेचा बुडबुडा होतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही.

यातला खरा दगा पुढे आहे. थोड्या वेळाने द्रव निवतो, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत घट्ट लागते. वाचलेला माणूस गाडी गॅरेजात नेतो. मेकॅनिक पेडल दाबून म्हणतो, ‘काही नाही साहेब, ब्रेक ओके आहेत.’ दोघेही खरे बोलत असतात.

सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ लिहिलेले पाहून आपण निश्चिंत होतो. वास्तविक टाकीतली पातळी हळूहळू उतरते ती बहुधा पॅड झिजल्यामुळे; झिजेच्या जागेत द्रव सरकलेला असतो. वरून भर घातली की जुने पाणी आतच राहते, शिवाय पॅड झिजल्याची खूणही पुसली जाते. पातळी झपाट्याने उतरत असेल, तर मात्र गळती शोधायलाच हवी.

हे काम घरी होते का? साध्या गाडीवर, दोन माणसांत, एका सकाळी होते. खर्च काही शे रुपयांचा. पण पहिल्या वेळी शेजारी जाणता माणूस हवाच, आणि या पट्ट्यात असा फिटर प्रत्येक सोसायटीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर सापडतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीची सीलबंद बाटली आणावी. कपाटात वर्षभर उघडी पडलेली नको. चाकांना अडसर लावावा आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, स्टँड लावावेत. टाकीतला काळपट द्रव सिरिंजने काढून नवा भरावा. मग चाकामागच्या निपलला रिंग पाना लावून त्यावर पारदर्शक नळी चढवावी. तिचे दुसरे टोक थोडा नवा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवावे. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो. बाहेरचा निपल पाव फेरा सैल करतो, द्रव येतो, पेडल खाली जाते. निपल बंद झाल्यावरच बाहेरून ‘सोडा’ म्हणायचे आणि त्यानंतरच पाय उचलायचा. निपल उघडे असताना पाय उचलला की हवा आत खेचली जाते आणि सगळे पहिल्यापासून. बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत हेच करत राहायचे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी, ही जुनी रीत; पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा पुस्तिका सांगेल ते खरे. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे सील सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासत नाही. बॉनेटवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा. रंग सोलून काढण्यात या द्रवाचा हात कोणी धरणार नाही.

आणि थांबायचे कुठे, हेही कळले पाहिजे. एबीएसच्या खोक्यात हवा शिरली, तर काही गाड्यांत ती निदानयंत्राशिवाय निघत नाही. निपल गंजून बसले असेल तर जोर लावून तोडू नये. विजेवरच्या अनेक गाड्यांत ब्रेकचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. तिथे हा घरगुती मार्ग नाही, मात्र द्रव म्हातारा होणे तिथेही चुकत नाही. काम झाल्यावर पेडल मऊ लागत असेल तर गाडी जागेवरून हलवायची नाही. घट्ट लागले, तर इंजिन सुरू करावे (पेडल किंचित खाली जाते, ते बरोबर आहे), गळती पाहावी आणि आवारातच पायी चालण्याच्या वेगाने दोन-चारदा थांबून बघावे.

अनेक सोसायट्यांत पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी आहे. सांडलेल्या तेलाने घसरून पडलेले लोक पाहिले की ती अगदीच चूक म्हणवत नाही. पण वर्षातून एक रविवार, एक कोपरा आणि खाली पत्र्याची परात, एवढी सवलत समितीने द्यायला हरकत नसावी. अट एकच घालावी. निघालेला द्रव पाण्यात सहज मिसळतो, म्हणून तो गटारात ओतायचा नाही. गटार कुठे जाते हे आळंदीच्या घाटावर तरंगणारा फेस पाहिलेल्यांना सांगायला नको. इंजिनाच्या जुन्या तेलातही तो मिसळू नये. बाटलीवर नाव लिहून ती वापरलेली तेले रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे वेगळी द्यावी आणि टाकीजवळ चिकटपट्टीवर आजची तारीख लिहून बॉनेट बंद करावे.