चष्म्याचा नंबर म्हणजे नजर नव्हे

तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला डोंगरावर आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याच्या काळातला. ‘एवढ्या लांबचा बुरूज दिसतो, मग डोळ्यांना काय धाड भरली आहे?’ असे पायथ्याच्या एखाद्या साठीतल्या शेतकऱ्याला वाटले, तर त्यात नवल नाही. पण हा युक्तिवाद फसवा आहे. निरोगी डोळ्याला एक किलोमीटरवरून साधारण दीड मीटर उंचीचा आकार ओळखता येतो. ज्याची नजर ६/६० वर आली आहे, त्याला त्याच अंतरावरून पंधरा मीटरच्या आसपासचा आकार ओळखता येईल. म्हणजे बुरूज दोघांनाही दिसेल. बांधावरून येणारा माणूस कोण, हे मात्र एकालाच कळेल.

हे ६/६ आणि ६/६० आले कुठून? नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला. वरचा आकडा हे तपासणीचे अंतर, म्हणजे सहा मीटर. खालचा आकडा म्हणजे तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते ते अंतर. नजर ६/१८ असेल, तर निरोगी डोळा अठरा मीटरवरून जे वाचतो ते त्या व्यक्तीला सहा मीटरवर यावे लागल्यावर दिसते. काही देशांत हेच अंतर फुटांत मोजतात, म्हणून तिथे ६/६ ला २०/२० म्हणतात. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. ‘ई’ या आकाराची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, एवढे हाताने दाखवले की झाले.

चष्म्याचा नंबर ही वेगळी गोष्ट. तो भिंगाची ताकद सांगतो, डोळ्याला किती दिसते ते नाही. उणे दोन नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपलीकडचे धूसर दिसते. पण चष्मा लावल्यावर तो ६/६ पर्यंत वाचत असेल, तर काळजीचे कारण नाही. तोच नंबर असलेला दुसरा माणूस चष्मा लावूनही ६/२४ वरच अडत असेल, तर मोतीबिंदू, पडद्याचा आजार किंवा आणखी काही आहे का, हे शोधावेच लागते. दोघांच्या चिठ्ठीवर नंबर एकच, आजार मात्र निराळा. तरीही बहुतेक घरांत जपून ठेवलेला कागद नंबराचाच असतो. नजर किती होती, हे विचारले तर सांगता येत नाही.

म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर या नोंदी हव्यातच: चष्म्याशिवायची नजर, चष्म्यासहची नजर, या दोन्ही प्रत्येक डोळ्याच्या स्वतंत्रपणे, आणि जवळची नजर. शिबिर किती मोठे झाले हे वाटलेल्या चष्म्यांवरून आणि केलेल्या शस्त्रक्रियांवरून मोजण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. चष्मा वाटला; पण तो लावून माणसाला दिसते किती? शस्त्रक्रिया झाली, पण महिन्यानंतर नजर किती? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी जी उद्दिष्टे स्वीकारली, ती नुसत्या चष्म्यांची किंवा शस्त्रक्रियांची नाहीत, उपचारानंतर चांगली दृष्टी मिळालेल्यांची आहेत. गावच्या शिबिरालाही हाच हिशेब लावायला हवा.

सरकारी आकडेवारी आणि घरातली गरज यांतला फरकही ओळखला पाहिजे. भारताने २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्या ६/६० पेक्षा कमी नजरेवरून ३/६० पेक्षा कमी नजरेवर आणली. जागतिक मापाशी तुलना करायला ते योग्यच. मात्र या दोन आकड्यांच्या मधला माणूस त्या दिवसापासून जास्त पाहू लागला नाही. शिवाय ही मोजणी चांगल्या डोळ्याची असते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला, तर तो माणूस या गणतीत येत नाही, आणि अनेकदा त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून पाहण्याची सवय म्हणूनच महत्त्वाची. लहान मुलांत तर ती अधिकच. एक डोळा आळशी पडला आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले नाहीत, तर पुढे नजर परत मिळवणे अवघड होते.

जवळच्या नजरेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘मला कुठे वाचायचे आहे?’ असे म्हणून चाळिशीनंतरचा चष्मा टाळला जातो. पण तांदळातले खडे, सुईतला दोरा, विडीची वळणी, कोशाचा धागा, कीटकनाशकाच्या बाटलीवरची सूचना ही सगळी जवळच्या नजरेचीच कामे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता एकवीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अशा चष्म्याचा खर्च मजुरीतूनच भरून निघतो.

आता उलट बाजू. ६/६ आले म्हणजे डोळा निरोगी, असेही नाही. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. समोरचा तक्ता शेवटपर्यंत वाचता येऊ शकतो. मधुमेहातही पडदा खराब होऊ लागला तरी सुरुवातीला नजर चांगलीच राहते, म्हणून बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा पाहून घ्यावा. पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. या आजारातही पडद्याच्या कडेला इजा होते, त्यामुळे अशा रुग्णांची पडदा तपासणी दहाव्या वर्षापासूनच सुरू व्हायला हवी. आणि आजोबा अचानक चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचू लागले, तर तो चमत्कार समजू नये. वाढत्या मोतीबिंदूने भिंगाचा नंबर बदलल्याचे ते लक्षण असू शकते. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवस केव्हाच संपले. रोजची कामे अडू लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली.

धानाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. मळणीच्या वेळी लोंबीचे टोक किंवा तूस बुबुळाला लागले, तर त्या जखमेत बुरशी वाढू शकते. अशा वेळी डोळा चोळू नये, झाडपाला घालू नये आणि स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने टाकू नयेत; बुरशी असेल तर या थेंबांनी जखम चिघळते. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लाली, वेदना किंवा पांढरा ठिपका दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मळणीला साधा संरक्षक चष्मा लावला, तर ही वेळ बहुतेकदा येतच नाही.

आधीच कामाने वाकलेल्या आरोग्यसेविका आणि आशाताईंवर हे आणखी एक ओझे, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण इथे मोठ्या यंत्राची गरज नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पुरेशा उजेडात भिंतीला ‘ई’चा तक्ता लावावा आणि सहा मीटरवर रंगाची रेघ ओढावी. जोडीला मधोमध बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा असावा. त्या छिद्रातून पाहिल्यावर जास्त ओळी वाचता आल्या, तर बहुधा चष्म्याने काम भागेल. फरक पडला नाही, तर तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठणे आवश्यक. प्रत्येकामागे काही मिनिटे लागतात, आणि वर्षातून एकदा तपासले तरी बरेच साधते. रेघ ओढण्याचे काम तर ग्रामसभा ठरवेल त्या दिवशी होऊ शकते. चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडताना मात्र प्रत्येकाने नंबरासोबत ‘चष्मा लावून माझी नजर किती?’ हेही विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.