रेषा आणि खड्डा

कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, त्याला युगे लोटली. पण तो खटला आमच्या वर्गात दर वर्षी नव्याने उभा राहतो. निम्मा वर्ग अर्जुनाचा, निम्मा कर्णाचा. यंदा मागच्या बाकावरून मात्र तिसराच मुद्दा आला. "सर, कर्णाला अर्जुनाने नाही, मैदानाने मारलं!"

फराळाचे ताट पुढे असताना युद्धाच्या गोष्टी कशाला, असे वाचक म्हणतील. पण हे युद्ध आता घरोघरच्या पडद्यावर चालते. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा १९९९ पासून चालत आलेला जपानी खेळ घ्या. प्रतिस्पर्ध्याला ठोसे लगावून मैदानाबाहेर उडवून द्यायचे. हद्दीपलीकडे गेला, की त्याचा एक प्राण गेला. पण यातली काही मैदाने स्वतःच खेळाडूंवर उठतात. कुठे मोटारी धावून येतात, कुठे लाव्हा उसळतो, आणि सरशीला आलेला गडी क्षणात गारद होतो. चार भावंडे खेळत असली, तर हशा पिकतो. स्पर्धेत मात्र डोळ्यांत पाणी येते. म्हणूनच २०१८ च्या 'अल्टिमेट' आवृत्तीत ही संकटे बंद करण्याची सोय आहे आणि स्पर्धांत ती साधारणतः बंदच असतात. हद्द मात्र कोणी काढून टाकीत नाही!

आता गंमत पाहा. हद्दही तत्काळ बाद करते आणि मोटारही. मग एक न्याय्य आणि दुसरी अन्याय्य का?

याचे उत्तर आमच्या धाराशिवच्या मैदानावर मिळते. हा जिल्हा खो-खोचा. इथल्या सारिका काळे यांना २०२० साली पुरस्कार मिळाला, तोही अर्जुनाच्याच नावाचा. खो-खोत पळणाऱ्याचे दोन्ही पाय मर्यादेबाहेर पडले, की त्याला कोणी शिवले नसले तरी तो बाद. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. कारण रेषा डाव सुरू होण्यापूर्वीच आखलेली असते, ती दोन्ही संघांना सारखीच दिसते आणि सारखीच लागू असते. पाठलाग करणारा आपल्या कसबाने पळणाऱ्याला तिच्याकडे वळवतो. रेषा आपण होऊन कुणाच्या अंगावर येत नाही.

कर्णाची भूमी अशी नव्हती. तिच्यात शाप पुरलेला होता, आणि तोही त्याच्या एकट्यासाठी. तो झाकलेला खड्डा होता.

कोणी म्हणेल, संकट चुकवणे हेही कौशल्यच की! मान्य. मोटार ठरल्या वेळी येत असेल, आधी इशारा देत असेल आणि दोघांनाही सारखीच लागत असेल, तर शहाणा खेळाडू तिचाही उपयोग करून घेईल. पण मग ती खड्डा राहिली नाही, रेषाच झाली.

झाकलेल्या खड्ड्यांची आपल्याकडे वाण नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने उभी पिके नेली, ती काही शेतकऱ्याचे कसब कमी पडले म्हणून नव्हे. नशिबाशी झुंजायला तेवढे मैदान पुरे आहे. मुलांनी हौसेने मांडलेल्या डावात तरी, हरणाऱ्याला आपण कशाने हरलो हे सांगता आले पाहिजे. तसे सांगता आले, तरच तो उद्या पुन्हा खेळायला येतो.