धीर चाहत्यांचा, हिशेब कोणाचा?

14 ऑक्टोबर 2025 च्या संध्याकाळी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारतीय पुरुष फुटबॉल संघाने सिंगापूरविरुद्ध चौदाव्या मिनिटाला आघाडी घेतली. लालियानझुआला छांगटेचा तो गोल झाला तेव्हा 2027 च्या आशियाई चषक स्पर्धेची वाट अरुंद झालेली असली, तरी ती पुरती बंद झालेली नव्हती. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी साधली, उत्तरार्धात दुसरा गोल केला आणि ती वाट बंद झाली. मुख्य प्रशिक्षक खालिद जमील यांच्या नियुक्तीला त्या दिवशी अडीच महिनेही झालेले नव्हते. पुढच्याच महिन्यात ढाक्यामध्ये बांगलादेशनेही भारताला एका गोलने हरवले.

अशा पराभवांनंतर देशात जी चर्चा होते, तिचे दोन पक्ष ठरलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रशिक्षक बदला. दुसरा म्हणतो, त्याला वेळ द्या. संघ नव्याने उभा राहतो आहे, चाहत्यांनी धीर धरला पाहिजे. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात. ती म्हणजे, संघाची पुनर्बांधणी करणे अथवा न करणे प्रशिक्षकाच्या हाती आहे. तपासायला हवे ते हे गृहीतक.

गेल्या काही वर्षांत आपण, जाणूनबुजून नव्हे पण, या प्रश्नावर एक प्रयोगच करून पाहिला आहे. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांना मे 2019 ते जून 2024 अशी पाच वर्षे मिळाली. दोह्यात तत्कालीन आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखून त्यांनी आशेची सुरुवात केली. 2023 मध्ये मायदेशात तीन स्पर्धा जिंकून संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात पोहोचला. पण 2024 च्या जानेवारीत आशियाई चषकातील तिन्ही सामने भारताने एकही गोल न करता गमावले, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला हरवले आणि जूनमध्ये विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचे दार मिटले. त्यानंतर स्पेनचे मानोलो मार्केझ यांना साधारण वर्ष मिळाले. आठ सामन्यांत विजय एकच, तोही मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतीत. मग जमील आले. तेरा वर्षांनंतर या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. ऐजॉलसारख्या छोट्या शहराच्या क्लबला 2016-17 मध्ये आय-लीगचे विजेतेपद मिळवून देणारा हा प्रशिक्षक. सुरुवातीलाच मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून त्यांनी तिसरे स्थान मिळवले आणि सहा आठवड्यांत फातोर्डाही पाहिले.

तीन प्रशिक्षक, तीन देशांचे, तीन स्वभावांचे. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक, तिसऱ्याच्या पहिल्या परीक्षेला अडीच महिने. निष्पत्ती मात्र जवळपास सारखीच. ज्या प्रयोगात घटक बदलूनही निकाल बदलत नाही, तेथे दोष त्या घटकाबाहेर शोधावा, हे शहाणपण आपण इतर धोरणांच्या बाबतीत सहज मान्य करतो. फुटबॉलच्या बाबतीतच ते आपल्याला का सुचत नाही?

धीर निष्फळ असतो, असा याचा अर्थ नाही. स्टीफन कॉन्स्टंटाईन 2015 च्या आरंभी दुसऱ्यांदा प्रशिक्षक झाले तेव्हा भारत क्रमवारीत 173 व्या स्थानापर्यंत घसरला होता. त्याच वर्षी जूनमध्ये प्रशांत महासागरातील ग्वाम या चिमुकल्या बेटाने भारताला हरवले. त्या पात्रता फेरीतील आठ सामन्यांपैकी भारताने एकच जिंकला. तरीही त्यांना ठेवले गेले. त्यांनी तरुण खेळाडूंना संधी दिली, 2017 मध्ये संघ 96 व्या क्रमांकावर आला आणि 2019 च्या आशियाई चषकात त्याने थायलंडला चार-एक असे नमवले. बहारीनविरुद्ध अखेरच्या क्षणीच्या पेनल्टीने भारत बाहेर पडला आणि कॉन्स्टंटाईन यांनी राजीनामा दिला. धीराचे फळ मिळते, हे या चार वर्षांनी सिद्ध केले. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट सिद्ध झाली. संघ वर चढला, पण त्याच्या खालची जमीन होती तशीच राहिली. म्हणूनच पुढच्या प्रशिक्षकाला पुन्हा पुनर्बांधणीचाच नारळ फोडावा लागला.

धीर केव्हा फळतो हे समजून घ्यायचे, तर अमेरिकेकडे पाहणे उपयोगी ठरेल. नव्या प्रशिक्षकाला किती वर्षे द्यावीत, हा प्रश्न तेथील महाविद्यालयीन फुटबॉलइतका क्वचितच कोठे चघळला जात असेल. तो खेळ वेगळा, लंबगोल चेंडूचा. पण चाहत्यांची तगमग आपल्या ओळखीची आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फ्रँक बीमर 1987 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. सहाव्या हंगामात, म्हणजे 1992 मध्ये, त्यांच्या संघाने अकरापैकी अवघे दोन सामने जिंकले. विद्यापीठाने तरीही त्यांना ठेवले. पुढच्या वर्षापासून 2015 मध्ये ते निवृत्त होईपर्यंत संघ हंगामोत्तर लढतींना एकदाही मुकला नाही; 1999 च्या हंगामात तर तो राष्ट्रीय विजेतेपदाची लढत खेळला. याउलट नेब्रास्का विद्यापीठाने 2003 मध्ये नऊ सामने जिंकून देणाऱ्या फ्रँक सोलिच यांना काढून टाकले. त्यानंतर प्रशिक्षकांमागून प्रशिक्षक आले, पण परिषदेचे विजेतेपद परतले नाही. नवल असे की, तेथील मैदान 1962 पासून प्रत्येक घरच्या सामन्याला भरलेले आहे. अधीर झाले होते ते चाहते नव्हते; अधीर झाले होते ते कारभारी.

अमेरिकेतील ही पद्धत आदर्श आहे, असे मुळीच नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये आपल्या प्रशिक्षकाला दूर करताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे मान्य केले. शिक्षणसंस्थेच्या हिशेबात अशी रक्कम असावी, हीच एक विकृती आहे. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट असते. महाविद्यालयीन प्रशिक्षक शाळाशाळांतून खेळाडू स्वतः हेरतो, साहाय्यक स्वतः नेमतो, वर्षभर सराव घेतो. पाया खणण्याची कुदळ त्याच्या हाती असते. म्हणून इमारत उभी न राहिल्यास त्याला जाब विचारता येतो, आणि म्हणूनच त्याच्यासाठी धीर धरण्यालाही अर्थ असतो.

भारताच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती काय असते? खेळाडू क्लबांचे. ते त्याला मिळतात आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या मोजक्या दिवसांत. कोणता तरुण आघाडीवीर वर्षभरात किती मिनिटे खेळेल हे तो ठरवत नाही, आणि गोल करण्याची जबाबदारी आपले बहुतेक क्लब परदेशी आघाडीवीरावर सोपवतात. परिणाम डोळ्यांसमोर आहे. जून 2024 मध्ये निवृत्त झालेला सुनील छेत्री पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत आला. आणि त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक गोल त्याचेच होते. यात छेत्रीचा गौरव आहे, पण व्यवस्थेवर याहून कठोर अभिप्राय दुसरा नसेल. चाळिशीच्या खेळाडूला पर्याय निर्माण करणे हे तीन वा पाच दिवसांच्या शिबिराचे काम नव्हे. ते दहा वर्षांचे काम आहे आणि ते महासंघ, राज्य संघटना व क्लब यांचे आहे.

आपल्याच इतिहासात याचा दाखला आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताने युगोस्लाव्हियाकडून एक विरुद्ध दहा असा मार खाल्ला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. आज असा निकाल लागला, तर प्रशिक्षक विमानतळावरच माजी झाला असता. रहीम यांच्याकडे मात्र पुन्हा संघ सोपवला गेला. 1956 मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. 1962 मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्या वर्षी ते गेले. ही कथा आपण व्यक्तीच्या थोरवीची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. परंतु रहीम हे हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव आणि हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षकही होते, हे आपण विसरतो. खेळाडू घडवणारी यंत्रणा आणि राष्ट्रीय संघ यांच्यातील अंतर त्यांनी स्वतःच्या देहाने भरून काढले होते. शिवाय हेलसिंकीनंतर महासंघानेही एक धडा घेतला: अनवाणी खेळण्याचे दिवस संपवून बूट सक्तीचे केले. पराभवानंतर प्रशिक्षक टिकला आणि व्यवस्था बदलली. आज आपण नेमके उलटे करतो. व्यवस्था टिकते, प्रशिक्षक बदलतो.

महासंघाच्या अलीकडच्या कारभारावर नजर टाकली की हे अधिक स्पष्ट होते. ऑगस्ट 2022 मध्ये जागतिक संघटनेने भारताला निलंबित केले. ते निलंबन अकरा दिवसांनी उठले. महासंघाच्या घटनेचा वाद वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात राहिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये मार्गी लागला. स्टिमॅक यांचा करार ऑक्टोबर 2023 मध्ये 2026 पर्यंत वाढवला गेला, आठ महिन्यांत मोडला गेला आणि अखेर भरपाई देऊन वाद मिटवावा लागला. मार्केझ यांना नेमताना ते एका क्लबचेही प्रशिक्षक राहतील, ही तडजोड स्वीकारली गेली. जमील यांनी सूत्रे घेतली तेव्हा तर देशातील प्रमुख लीगच बेमुदत थांबवली गेली होती. आणि या सगळ्याच्या डोक्यावर ‘व्हिजन 2047’ नावाचा आराखडा आहे, ज्यात भारताला आशियातील पहिल्या चार देशांत नेण्याचे स्वप्न आहे. स्वप्नाला हरकत नाही. हरकत आहे ती मुदतीला. ज्या मुदतीच्या दिवशी आजचा एकही पदाधिकारी उत्तर द्यायला पदावर नसेल, तिला योजना म्हणता येत नाही.

प्रशिक्षकाला काहीच विचारू नये, असा याचा अर्थ काढू नये. संघनिवड, सामन्यातील डावपेच, आघाडी मिळाल्यावर ती टिकवण्याची शिस्त या गोष्टी त्याच्याच आहेत. मॉरिशसविरुद्ध गोल होत नाही आणि हाँगकाँगकडून हार पत्करावी लागते, तेव्हा त्याने उत्तर दिलेच पाहिजे. पण जे त्याच्या हाती आहे त्याचा हिशेब त्याच्याकडे, आणि जे महासंघाच्या हाती आहे त्याचा महासंघाकडे, ही वाटणी आधी व्हायला हवी. ती झालेली नाही, म्हणून प्रत्येक बडतर्फी एक सोयीचा विधी बनली आहे. लोकांचा राग शांत होतो, नवा चेहरा येतो, धीर धरण्याचे आवाहन पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मधली पाच वर्षे कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत.

चाहत्यांकडे धीर नाही, हा आरोप तर निखालस खोटा आहे. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याला तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले, त्या स्पर्धेच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याला अवघे अडीच हजार लोक होते. हवे तर टीका करा, पण मैदानावर या, अशी विनवणी छेत्रीने केली आणि पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. ज्या देशात कर्णधाराच्या एका शब्दावर मैदान भरते, तेथे अभाव धीराचा नाही. त्या धीराची कदर करणाऱ्यांचा आहे.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. प्रशिक्षकाचा करार एका आशियाई चषकापासून पुढच्यापर्यंतचा असावा, त्यातील टप्पे जाहीर असावेत आणि मधल्या मुक्कामी मूल्यमापन कोण करणार हेही आधीच ठरावे. महासंघाने दरवर्षी मोजके आकडे प्रसिद्ध करावेत: भारतीय आघाडीवीर क्लबांकडून किती मिनिटे खेळले, वयोगटांच्या लीगमध्ये प्रत्येक मुलाला किती सामने मिळाले, परवानाधारक प्रशिक्षक किती वाढले. 2025 च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांना मान्यता देणारे मंडळ आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण यांची तरतूद केली आहे. निवडणुका आणि हिशेबतपासणी यांपाशीच न थांबता या मंडळाने मान्यतेच्या निकषांत असे खुले अहवाल आणले, तर ‘वेळ द्या’ या शब्दांना काही मोजमाप मिळेल.

मोजमापाशिवायचा धीर हा धीर नसतो. ती उदासीनतेची पहिली पायरी असते. फातोर्डाहून त्या रात्री घरी परतलेल्या प्रेक्षकाने पुढच्या सामन्याचे तिकीट काढले, तर तो आपला विश्वास पुन्हा एकदा ठेव म्हणून देत आहे. ठेवीदाराला पासबुक मागण्याचा हक्क असतो. ते दाखवण्याची जबाबदारी प्रशिक्षकावर ढकलता येणार नाही. ती पेढीच्या मालकांचीच आहे.