प्रेक्षक नव्हे, रसिक

दिल्लीच्या उत्तरेस, रिज नावाच्या जुन्या खडकाळ टेकडीवर, हिंदूराव रुग्णालयाच्या फाटकाशी रोज शेकडो माणसे उतरतात. परंतु ते नाव कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांच्या बंधूंचे आहे, आणि विल्यम फ्रेझर या इंग्रज अंमलदाराचा १८३५ साली खून झाल्यानंतर त्याची हवेली त्यांनी खरेदी केल्यामुळे ते या टेकडीला कायमचे चिकटले, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. याच आवारात पीर गायब नावाची तुघलककालीन इमारत उभी आहे; तेथे राहणारा एक साधुपुरुष एके दिवशी अदृश्य झाला, अशी तिची आख्यायिका. थोड्या अंतरावर फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला अशोकस्तंभ आहे. त्याच्यावरील लेखाकडे डोळस माणसे शतकानुशतके पाहत राहिली, आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा करीपर्यंत तो कोणालाही वाचता येत नव्हता. डोळ्यांना दिसणे आणि मनाला उमगणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा असा पाषाणमय पुरावा ज्या टेकडीवर उभा आहे, तिच्यावर फिरताना मला एका अंध मुलाने विचारलेला प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो.

काही वर्षांपूर्वी याच शहरातील अंध विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात वार्षिक समारंभाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. करमणुकीसाठी जादूगाराला पाचारण केले होते. तो रुमालांचे रंग बदलीत होता, रिकाम्या पेटीतून फुले काढीत होता, आणि ध्वनिक्षेपकाशी बसलेले एक गृहस्थ, लाल रुमालाचा आता हिरवा झाला, असे मोठ्या उत्साहाने सांगत होते; पहिल्या रांगेतील निमंत्रित टाळ्या वाजवीत, आणि त्या ऐकून मागची मुलेही वाजवीत. अखेरीस जादूगाराने आपल्या डोळ्यांवर कणकेचे गोळे दाबून वर काळी पट्टी बांधवली आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून दाखविले. पी. सी. सरकार यांनी ज्या जातीच्या प्रयोगांनी देशोदेशी कीर्ती मिळविली, त्यांपैकीच हा एक. माझ्या शेजारच्या मुलाने, मांडीवरची ब्रेलची पाटी चाचपीत, हलक्या आवाजात मला विचारले, “त्यांनी डोळे बांधून लिहिले, एवढेच ना? मग आम्ही रोज काय करतो?”

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण त्या मुलांना चमत्कार दिलाच नव्हता, चमत्काराचा केवळ वृत्तान्त दिला होता. आणि दुसऱ्याला आलेल्या आश्चर्याचा वृत्तान्त ऐकून आश्चर्य वाटत नाही, आपल्याला त्यातून वगळले आहे एवढेच कळते.

या वगळण्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. खेळाला बसलेल्याला आपण प्रेक्षक म्हणतो, म्हणजे पाहणारा. जादूला नजरबंदी म्हणतो. दोन्ही शब्दांनी सारा व्यवहार डोळ्यांच्या हवाली केला आहे. परंतु जादूगार बांधतो ते खरोखर अवधान. नजर ही त्या अवधानाची केवळ एक वाट आहे. अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय, असे नाट्यशास्त्र सांगते, आणि विस्मय हा चित्ताचा धर्म आहे. अमुक घडेल अशी खात्री मनात पक्की व्हावी आणि प्रत्यक्षात त्याविरुद्ध घडावे, एवढीच त्याची अट. ती खात्री बोटांनी पटली की कानांनी, याचा विस्मयाला विधिनिषेध नाही.

स्पर्शही फसतो, हे तर ॲरिस्टॉटलच्या काळापासून नमूद आहे. तर्जनी आणि मधले बोट एकमेकांवर चढवून त्यांच्या टोकांमध्ये वाटाण्याचा एकच दाणा फिरवावा, तर दोन दाणे असल्याचा भास होतो. शार्पांतिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली वर्णन केलेला प्रकार याहून विलक्षण आहे: सारख्याच वजनाच्या दोन वस्तू, एक मोठी आणि एक लहान, हातांत घेतल्या तर लहान वस्तू अधिक जड वाटते, दोन्ही तराजूत तोलून समान असल्याची खात्री करून घेतली तरी पुन्हा तसेच वाटते. केवळ हातांनी आकार जोखणाऱ्या अंध माणसालाही हा भ्रम होतो. ज्या इंद्रियाला भ्रम होऊ शकतो त्याच्यासाठी जादू रचता येते.

आणि अशी जादू आजही जादूगारांच्या पोतडीत आहे. स्पंजचा एक चेंडू मुलाच्या मुठीत ठेवून ती घट्ट मिटवावी, दुसरा जादूगाराने स्वतःच्या मुठीत घ्यावा, आणि मुलाने आपली मूठ उघडताच तिच्यातून दोन चेंडू उसळून यावेत. दोरीची कापलेली टोके त्याने स्वतः चाचपावीत, आणि क्षणभराने तीच दोरी त्याच्या बोटांखालून अखंड सरकत जावी. धातूची कडी प्रथम एकेक करून त्याच्या हाती द्यावीत, कोठे फट नाही याची त्याने मनसोक्त तपासणी करावी, आणि मग खणकन आवाज होऊन ती त्याच्याच हातांत एकमेकांत अडकलेली सापडावीत. यांतील गुपिते येथे फोडणे उचित होणार नाही. पण यांतला विस्मय नेत्रांच्या मध्यस्थीवाचून पोहोचतो, एवढे निश्चित.

आपल्या रस्त्यावरच्या मदाऱ्याने हे फार पूर्वीपासून ओळखले असावे. दिल्लीतील शादीपूर भागात कठपुतली कॉलनी म्हणून कलावंतांची जी वस्ती होती आणि जी २०१७ साली पाडण्यात आली, तिच्यातील जादूगारांची कला भरजरी रंगमंचावर कधीच अवलंबून नव्हती. डमरूचा ठेका, उस्तादाची हाक, जमुऱ्याचा हजरजबाब, प्रश्नोत्तरांतून चढत जाणारी उत्कंठा, असा तो खेळ निम्म्याहून अधिक कानांसाठीच रचलेला असे. मोठ्या नाट्यगृहात गेलेल्या जादूने प्रकाशझोत आणि पार्श्वसंगीत घेतले आणि हा संवाद गमावला. अंधांसाठी जादू सिद्ध करावयाची तर परदेशी नमुने धुंडाळण्याआधी या घरच्या विद्येकडे वळणे अधिक शहाणपणाचे आहे.

मात्र या कामी काही मर्यादा कसोशीने पाळल्या पाहिजेत. अनोळखी माणसाच्या हाती आपला हात देणे हा अंध व्यक्तीच्या दृष्टीने विश्वासाचा व्यवहार असतो. म्हणून विचारल्यावाचून तो हात धरू नये. याहून मोठी मर्यादा ही की, ज्या खेळात अंध तेवढा फसतो आणि भोवतालचे डोळस युक्ती पाहून हसतात, तो खेळ थट्टेत जमा होतो. त्याने सगळ्यांनाच सारखे चकित केले पाहिजे. शिवाय डोळा दृश्य एकदम घेतो, बोटे ते क्रमाक्रमाने घेतात. त्यामुळे पाचशे मुलांच्या सभागृहात हा प्रयोग होणे नाही. आठ-दहा मुलांचे कडे करून, प्रत्येकाच्या हाती वस्तू देत, सावकाश तो करावा लागतो. यात वेळ आणि खर्च अधिक लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण करमणूक ही दिव्यांगांवर करावयाची मेहरबानी आहे, असे मानणारालाच तो निर्णायक वाटेल. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ याच्या २९व्या कलमाने सांस्कृतिक जीवनात व मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य केला असून त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकली आहे. तेव्हा रीतसर तरतूद मागण्यास संकोचण्याचे कारण नाही.

आणि हा हक्क केवळ खेळाचा आस्वाद घेण्यापुरता का असावा? अमेरिकेतील रिचर्ड टर्नर यांची दृष्टी बालपणापासून क्षीण होत गेली, तरी पत्त्यांच्या हातचलाखीत त्यांची गणना जगातील अग्रगण्य कलावंतांत होते; २०१७ साली त्यांच्या जीवनावर ‘डेल्ट’ नावाचा अनुबोधपट निघाला. ज्या बोटांना ब्रेलचे सहा बिंदू धावत्या वेगाने वाचता येतात, त्या बोटांना नाण्याची, दोरीची, पत्त्यांची विद्या शिकविणारा उस्ताद आपल्या अंधशाळांत यावा, आणि डोळस माणसांनी त्या मुलांसमोर बसून तोंडात बोट घालावे, हे मला मुळीच अशक्य वाटत नाही.

दिल्लीच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर ब्लाइंड रिलीफ असोसिएशन ही १९४४ पासूनची संस्था आहे. तिच्या आवारातील दिवाळीच्या बाजारात शहरातील माणसे मेणबत्त्या आणि पणत्या घेण्यासाठी लोटतात. मुंबई-पुण्याच्या अंधशाळांतही स्नेहसंमेलनांचे दिवस येतीलच. तेथील चालकांना, शिक्षकांना आणि विशेषतः आपल्या मराठी जादूगारांना माझी हात जोडून विनंती आहे: यंदा रुमाल आणि कबुतरे घरी ठेवावीत, ध्वनिक्षेपकावरून समालोचन करणाऱ्या गृहस्थांना विश्रांती द्यावी, आणि दहा मुलांच्या कड्यात जमिनीवर बसून पहिला चेंडू एका मुलाच्या मुठीत ठेवावा. त्या मुलाला रसिक म्हणून वागविण्याची सुरुवात तेवढ्यानेही होईल.