शहराचा खरवडलेला डांबरी रस्ता गावच्या पाणंदीवर : माल कामाचा, पण हिशेब कोणाकडे?

पिंपळे सौदागर : रात्री वाहतूक कमी झाली की शहरात रस्ता खरवडायचं मशीन सुरू होतं. खाली पोलादी दातांचा ढोल फिरतो, डांबराचा वरचा दोन इंचाचा थर भुगा होऊन पट्ट्यावरून पुढच्या हायवात पडतो. सकाळी लोक कामावर निघतात तेव्हा रस्त्यावर नुसत्या रेघोट्या दिसतात. दोन दिवसांत त्यावर नवा थर येतो आणि विषय संपतो. पण तो भुगा गेला कुठे, हे कोणी विचारत नाही.

खेड, मावळ, मुळशी, शिरूरच्या गावांना मात्र हा माल ओळखीचा होऊ लागलाय. काळपट, चुरचुरीत, उन्हात हाताला किंचित चिकटणारा. कुणाच्या गोठ्यापुढे पसरलेला, कुणाच्या कांदा चाळीच्या रस्त्याला, ढाब्याच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या पार्किंगला. कोणी फुकट मिळाला सांगतो, कोणी हायवाला पैसे मोजलेत. हा माल चांगला की वाईट, आणि त्यावर हक्क कोणाचा, हे दोन्ही प्रश्न गावाच्या कामाचे आहेत.

पिंपळे सौदागर हे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. आता शिवार चौक, कोकणे चौक, कुणाल आयकॉन रोड या भागात फिरलं तर शेत शोधावं लागतं. पिंपळे गुरवबरोबर हा भाग पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या क्षेत्र विकासासाठी निवडला गेला. पाइपलाइन, केबल, ड्रेनेज, पदपथ यांसाठी खोदाई झाली, आणि जिथे खोदाई तिथे पुन्हा डांबर. पूर्वी शहरात सगळीकडे जुन्या थरावरच नवा थर टाकायची पद्धत होती. त्यानं रस्ता दरवेळी इंच-दोन इंच वर चढतो. दहा-पंधरा वर्षांत रस्ता उंच आणि सोसायटीचं गेट खाली, मग पावसाचं पाणी थेट पार्किंगमध्ये. म्हणून आता आधी खरवडायचं आणि मग नवा थर टाकायचा ही पद्धत आली. ती योग्यच आहे. पण तिच्यामुळे मालाचे डोंगर तयार होतात.

डोंगर केवढा, ते साध्या हिशेबानं बघू. सात मीटर रुंद रस्त्याचा एक किलोमीटर घेतला आणि त्यावरचा पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचाचा थर काढला, तर साडेतीनशे घनमीटर माल निघतो. वजन साधारण ८०० टन. एका हायवात १८ टन धरले तर ४५ खेपा. यात सगळी खडी नाही. डांबरी मालात वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास डांबर असतं, म्हणजे या ८०० टनांत ४० टन डांबर आहे. टनाला ४५ हजारांचा भाव धरला तरी रक्कम १८ लाखांवर जाते. खडीची किंमत वेगळी. एका किलोमीटरचा हा हिशेब आहे, आणि कागदावर याला कित्येकदा 'टाकाऊ माल' म्हणतात!

जुनं डांबर मेलेलं नसतं. उन्हानं आणि हवेनं ते कडक होतं, इतकंच. गुळाची जुनी ढेप जशी दगडासारखी होते पण गोडी जात नाही, तसं. तापवलं, थोडं मऊ डांबर किंवा मऊ करणारं तेल मिसळलं की ते पुन्हा खडीला धरतं. म्हणून या मालाची पहिली जागा डांबर प्लांटमध्ये आहे. नव्या खडीबरोबर ठरावीक प्रमाणात जुना माल मिसळून गरम मिश्रण करतात. साध्या प्लांटमध्ये वीस-तीस टक्क्यांच्या पुढे जाणं अवघड असतं, त्याला वेगळा ड्रम लागतो. अमेरिकेत नव्या डांबरी मालात सरासरी पाचवा हिस्सा जुना असतो. जपानमध्ये खरवडलेला डांबरी माल जवळपास सगळाच परत वापरात येतो.

आपल्याकडे नियम नाही असंही नाही. डांबरी रस्त्याच्या पुनर्वापराची पद्धत सांगणारी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता, आयआरसी १२०, २०१५ सालीच आली. बांधकाम राडारोड्याचे केंद्राचे नियम २०१६ साली आले. त्यात महापालिका आणि सरकारी कामांच्या खरेदीत १० ते २० टक्के माल राडारोड्यापासून बनवलेला असावा असं म्हटलंय, दर्जाची तपासणी करूनच. त्या जागी आता २०२५ चे नवे नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मोशीला राडारोड्यावर प्रक्रिया करायचा प्रकल्पही आहे. पण तिथे मुख्यतः विटा, काँक्रीट, प्लास्टर जातं. डांबराचा भुगा ही वेगळी चीज आहे, तो राडारोड्यात मिसळला की दोन्ही मालांची किंमत जाते.

देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा वाटा बाहेरून येतो. म्हणून सरकारही पर्याय शोधतंय. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्गाच्या एका किलोमीटरवर शेतातल्या काडीकचऱ्यातून काढलेलं लिग्निन मिसळलेलं डांबर वापरलं गेलं, केंद्रीय मंत्री नितीन गडकरींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चांगली गोष्ट आहे. पण भाताच्या पेंढ्यापासून डांबर बनवायची तयारी करायची आणि तयार डांबर असलेला माल खड्ड्यात ओतायचा, हे काही जुळत नाही.

आता गावाकडे येऊ.

पाणंदीची दुखणी काय ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो, उसाची गाडी बांधावर अडकते, दूधवाला मोटरसायकल चावडीपाशी लावून कॅन डोक्यावर घेऊन येतो. २०२१ साली राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, त्यात रोजगार हमी आणि इतर निधी एकत्र करून ही कामं करायची असतात. कागद आहेत, निधीची वाट आहे, पण खडी-मुरूम महाग आणि गौण खनिजाची परवानगी हे एक वेगळंच दुखणं. अशा वेळी शहरातून डांबराचा भुगा येत असेल तर कोणीही हात पुढे करणारच.

आणि खरं सांगायचं तर पाणंदीला हा माल मुरमापेक्षा सरस आहे. मुरूम पहिल्या दोन पावसांत चिखल होतो, हा होत नाही. उन्हाळ्यात धूळ कमी उडते. तीन मीटर रुंद रस्त्यावर दबून तीन इंच थर बसवायचा तर शंभर मीटरला ४७-४८ टन माल लागतो, म्हणजे दहा-अकरा ब्रास, हायवाच्या तीन खेपा. वरच्या हिशेबातल्या शहरी रस्त्याच्या एका किलोमीटरमधून गावची दीड किलोमीटरहून जास्त पाणंद होते.

पण 'टाकला आणि झाला' असा हा माल नाही. बऱ्याच ठिकाणी हायवा रिकामी होते, जेसीबी ढीग सारखा करतो, मंडळी खुश होऊन घरी जातात. वर्षभरात चाकोऱ्या पडतात आणि सगळे म्हणतात माल खराब होता. माल खराब नव्हता, दाबलाच नाही. खाली आधी मुरमाचा पाया हवा, सहा इंच तरी, पाणी मारून रोलर फिरवलेला. काळ्या जमिनीत हे जास्त गरजेचं, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काहीही सोबत घेऊन जाते. मग भुग्याचा चार इंच सैल थर टाकायचा. मधे उंच, कडेला उतार. आठ-दहा टनी कंप करणारा रोलर मिळाला तर उत्तम. काम करायचं एप्रिल-मेच्या भर दुपारी. लोक सकाळी थंडपणी काम उरकायला बघतात आणि इथेच चुकतात. ऊन जितकं कडक तितकं जुनं डांबर मऊ होतं, तितकी पकड घट्ट. डिसेंबरच्या थंडीत अंथरलेला थर सुटाच राहतो. वरून डांबराच्या इमल्शनचा फवारा मारता आला तर आयुष्य वाढतं. आणि दोन्ही बाजूंना चारी हवीच. पाणी साठलं तर कुठलाही रस्ता टिकत नाही, मग तो काँक्रीटचा का असेना.

घराच्या अंगणाला, शेडच्या वाटेलाही हीच पद्धत. फक्त गुरांच्या उभं राहायच्या जागेत हा माल नको, मूत्र आणि पाणी थरात मुरतं आणि उन्हाळ्यात काळा थर तापतोही फार. विहीर, बोअर आणि ओढ्याच्या काठाला ढीग घालू नये. जुन्या रस्त्यावर गाड्यांचं सांडलेलं ऑइल-डिझेल असतं, पहिल्या पावसाचं पाणी ढिगातून झिरपून खाली जातं. पिकाच्या जमिनीत तर अजिबात नको, तो काढून टाकणं नंतर कोणाच्या बापाला जमत नाही.

फसवणुकीची खरी जागा मात्र दुसरीच आहे. डांबराचा भुगा म्हणून हायवा बोलवायची आणि वरच्या दोन फुटांखाली विटांचे तुकडे, फुटके पेव्हिंग ब्लॉक, प्लास्टिक, खोदाईची माती निघायची. शहरातला राडारोडा टाकायला जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. नदीकाठ, ओढे, पडीक रानं याच्या साक्षीला आहेत. म्हणून गाडी उलटायच्या आधी नाही, उलटताना तिथे उभं राहावं. मूठभर माल कडक उन्हात अर्धा तास पत्र्यावर ठेवून दाबून बघावा. गोळा धरला तर डांबर आहे, हातात माती आली तर गाडी परत.

आता हिशेबाचा मुद्दा. महापालिकेच्या रस्त्यातून निघालेला माल हा पालिकेच्या, म्हणजे करदात्याच्या पैशाचा आहे. निविदेत दोनच सरळ वाटा असू शकतात. एक तर ठेकेदारानं तो पालिकेनं सांगितलेल्या जागी जमा करायचा, किंवा तो स्वतः नेणार असेल तर त्याची किंमत बिलातून वजा व्हायची. तिसरी वाट म्हणजे वजावट नाममात्र आणि माल बाहेर विकायला मोकळा. तसं झालं तर शहराच्या पैशाचा माल गावातला शेतकरी पुन्हा विकत घेतो. त्यातही वाईट प्रकार गावाच्या बाजूला होऊ शकतो. पाणंदीच्या अंदाजपत्रकात खडी आणि मुरूम धरलेला, रस्त्यावर पडला फुकटचा भुगा, आणि बिल निघालं खडीचं. रस्ता बरा दिसतोय म्हणून गाव गप्प बसतं.

यावर उपाय अवघड नाही. प्लांटला जाऊ शकणारा माल आधी प्लांटलाच जावा, कारण त्यातलं डांबर पाणंदीवर थंड अंथरून आपण त्याची निम्मी किंमत वाया घालवतो, हे मान्य करायला हवं. उरलेला माल जवळच्या ग्रामपंचायतींना लेखी, फक्त वाहतुकीच्या खर्चात द्यावा. पिंपळे सौदागर ते चाकण अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे भाडं परवडतं. त्यापलीकडे खेडच्या पश्चिम भागात, डोंगराकडच्या गावांना कदाचित स्थानिक मुरूमच स्वस्त पडेल. ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत ठराव करून महापालिकेच्या स्थापत्य विभागाकडे मागणी करावी. आणि अंदाजपत्रक करतानाच शाखा अभियंत्याला सांगावं की वरचा थर या मालाचा धरा, म्हणजे बिलात खडी येणार नाही.

सगळं खरवडूनच का काढावं लागतं, हाही प्रश्न आहेच. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो कंपनीनं केला तेव्हा दहा वर्षांची लेखी हमी दिली होती, आणि तो रस्ता हमीच्या कितीतरी पुढे टिकला. ज्या रस्त्याला दर तीन वर्षांनी नवा थर लागतो, त्याचा भुगा गावाला मिळतो म्हणून आनंद मानण्यात फार अर्थ नाही.

माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं एवढंच : अमुक रस्त्याच्या कामात खरवडून निघालेला माल किती टन, तो कुठे जमा केला, त्याच्या वाहतुकीच्या पावत्या, आणि ठेकेदाराच्या बिलातून वजा केलेली रक्कम. रस्त्याचं नाव आणि कामाचा आदेश क्रमांक अर्जात टाकला तर टाळाटाळीला जागा कमी राहते. कामाचा फलक रस्त्याच्या कडेला लावलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की नाव आणि ठेकेदार तरी तिथेच मिळतो.