मासा बंद करू नका, मोठा मासा जपून खा

'माशात पारा असतो' असा मेसेज मोबाईलवर फिरला की काही घरांत गरोदर सुनेच्या ताटातून मासाच गायब होतो. हे चुकीचं आहे. सवाल मासा खायचा की नाही हा नाही, कोणता खायचा हा आहे.

कोळसा जाळल्याने आणि कारखान्यांतून निघालेला पारा पाण्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी बनवतात. लहान मासे मोठा मासा खातो, त्यामुळे त्याच्या अंगात हे विष साठत जातं. जपानच्या मिनामाता शहरात १९५६ साली उघड झालेल्या आजारात कारखान्याच्या पाऱ्यामुळे आईच्या पोटातली मुलंही जन्मभरासाठी अपंग झाली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे सरासरी आकडे बघा. एक किलो शार्क किंवा स्वोर्डफिशमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम पारा, किंग मॅकरेलमध्ये ०.७३, तर सार्डिनमध्ये फक्त ०.०१३ आणि कोळंबीत ०.००९. म्हणजे फरक सत्तर पटींहून जास्त!

म्हणूनच अमेरिका गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे तीन मोठे मासे टाळायला सांगते, पण कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन-तीनदा खा, असंही सांगते. ब्रिटनमध्ये गरोदरपणी टूनाचे आठवड्याला चारच डबे. जपानने गरोदर बायकांसाठी ब्लूफिन टूना आठवड्यातून एकदा, ८० ग्रॅमपर्यंत ठेवला. देश वेगळे, मासे वेगळे, पण सल्ल्यामागचं सूत्र एकच.

आता आपल्या ताटाकडे येऊ. अमेरिकेचा किंग मॅकरेल म्हणजे आपली सुरमई नव्हे. आखातात 'किंगफिश' म्हणून मिळते ती मात्र सुरमईच. ती अमेरिकेच्या यादीत नाही, पण तीही शिकारी मासा आहे. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती रोज नको, अधूनमधून छोटी तुकडी पुरे. किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. मोरी म्हणजे शार्कच. लहान मोरीत पारा कमी असतो, तरी मोठ्या शार्कचं मटण या दिवसांत टाळलेलंच बरं. तळून किंवा उकळून पारा जात नाही.

तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी हे लहान जीव आहेत, स्वस्तही आहेत. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी तारलीत भरपूर मिळते. सुनेच्या ताटात मासा राहू द्या, फक्त बाजारातून आणताना लहान बघून आणा.