वाकलं की पाठीचे दोर सैल!

दोस्तांनो, उभे राहा बघू. दोन्ही हातांची बोटं कमरेच्या मागे, मणक्यांच्या बाजूंना टेकवा. डावी-उजवीकडे दोन जाडसर दोर लागले ना? हे इरेक्टर स्पायनी, म्हणजे कणा उभा धरणारे स्नायू. बोटं तिथंच ठेवून, गुडघे न दुमडता, हळूहळू पुढे वाका. दोर टणक होतात. आणखी वाका, अगदी डोकं खाली लोंबेल इतके. काय गंमत! दोर चक्क मऊ पडले. वर येताना पुन्हा टणक.

सगळ्यात जास्त वाकल्यावर खरं तर स्नायूंनी जास्त जोर लावायला हवा. पण त्या वेळी मणक्यांना मागून बांधणारे अस्थिबंध ताणून घट्ट झालेले असतात. धडाचा भार बराचसा तेच पेलतात, थोडा खोलवरचे स्नायू. मग वरचे स्नायू घेतात सुट्टी! स्नायू काम करताना त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. ती मोजून इंग्लंडच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी १९५१ साली ही सुट्टी दाखवून दिली.

आता चला महापे एमआयडीसीत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला टेम्पोतून खोकी उतरवणारे काका दिसतील. मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये संगणकापुढे तासन् तास बसणारी ताई दिसेल. दोघांची कामं किती वेगळी! पण संध्याकाळी दोघंही कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणू शकतात.

कंबरदुखी असलेल्या पुष्कळ लोकांची अशी वीज मोजली, तेव्हा दिसलं की पूर्ण वाकल्यावरही त्यांचे स्नायू शांत होत नाहीत. दुखऱ्या जागेची जणू राखण करत बसतात. कधी त्यामागे दुखणं असतं, तर कधी "वाकलो तर दुखेल" ही नुसती भीती! राखण करणं चांगलंच हो, पण पहारेकऱ्यालाही झोप लागतेच ना? सतत आवळलेला स्नायू थकतो, आणि थकला की तोही दुखू लागतो. व्यायाम शिकवून, हळूहळू भीती घालवली, की यांतल्या अनेकांचे स्नायू पुन्हा सुट्टी घ्यायला शिकतात. म्हणूनच साध्या कंबरदुखीत दिवसचे दिवस पडून राहा, असं आता डॉक्टर सांगत नाहीत. झेपेल तेवढं हिंडाफिरायला सांगतात. घरी बाबांना हे जरूर वाचून दाखवा.

आणि तुम्ही? कुबड काढून गृहपाठ करता तेव्हाही पाठीचे स्नायू सुट्टीवर जातात आणि सगळा ताण अस्थिबंधांवर येतो. बराच वेळ असं बसलं की ते थोडे सैलावतात. अशा वेळी एकदम उठून जड दप्तर उचलू नका. आधी दोन मिनिटं चाला, मग उचला. दप्तराचं वजनही बघा बरं का! २०२० च्या केंद्र सरकारच्या धोरणाप्रमाणे ते तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो.

वरचा खेळ मात्र ज्यांची कंबर दुखते त्यांना करायला लावू नका. दुखण्यासोबत पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे. तुमची स्वतःची पाठ आठवडाभर दुखत राहिली, तर आईला सांगा, लपवू नका.